यंत्राचा स्वतःचा आवाज : चंदीगड आणि ध्वनिमुद्रणातील खरखरीचे मोजमाप

ध्वनिमुद्रण करणारे यंत्र समोरचा आवाज टिपत असतानाच त्यात स्वतःचा असा एक बारीक, अखंड आवाज मिसळत असते, आणि गाणारा किंवा बोलणारा क्षणभर थांबला की तोच पुढे येतो. तबकडीच्या काळात तो खरखरीच्या रूपाने ऐकू येई, चुंबकीय टेप आल्यावर त्याचा एकसारखा ‘सूं’ झाला, आणि आजच्या तळहातावर मावणाऱ्या डिजिटल यंत्रांत तो इतका खाली गेला आहे की शांत खोलीत कानाला हेडफोन लावल्याखेरीज त्याचा पत्ता लागत नाही. पुढील विवेचनात त्याला ‘यंत्ररव’ म्हटले आहे. हा यंत्ररव मोजण्याचा आणि आटोक्यात आणण्याचा इतिहास बहुधा अमेरिकेतील व इंग्लंडमधील प्रयोगशाळांच्या आधारे सांगितला जातो. परंतु त्यातील १९६३ ते १९६५ हा काळ चंदीगडचा आहे, आणि चरित्रपर टिपणांत त्या काळाच्या वाट्याला जी एखादी ओळ येते तिच्यापेक्षा त्याचे महत्त्व बरेच अधिक आहे.

फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेल्यामुळे पंजाबसाठी नवी राजधानी वसवावी लागली आणि तिचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ७ ऑक्टोबर १९५३ रोजी झाले, हे सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना त्यानंतरची आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ऑक्टोबर १९५९ मध्ये दिल्लीत ‘केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटन’, म्हणजेच आज ‘सीएसआयओ’ या नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन केली आणि १९६२ साली ती चंदीगडला हलवली; सेक्टर ३० मधील तिचा परिसर तेव्हापासून उपकरणशास्त्राचे एक केंद्र बनला आहे. परकीय चलनाची चणचण असलेल्या त्या काळात देशातील प्रयोगशाळांना लागणारी मोजमापाची साधने बहुतांशी आयात होत आणि बिघडली की दुरुस्तीअभावी पडून राहत. म्हणून उपकरणांची रचना करणे, ती तपासणे आणि दुरुस्त करणारे हात तयार करणे ही कामे या संस्थेकडे आली. १९६३ साली स्वित्झर्लंडच्या साहाय्याने याच परिसरात ‘इंडो-स्विस ट्रेनिंग सेंटर’ सुरू झाले आणि घड्याळजीच्या बारकाईने धातूकाम शिकलेले तंत्रज्ञ तेथून बाहेर पडू लागले. उपकरण घडवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून एक प्रश्न सतावतो : काट्याने दाखवलेल्या आकड्यात मोजल्या जाणाऱ्या वस्तूचा वाटा किती आणि उपकरणाचा स्वतःचा किती? भूकंपमापकापासून वर्णपटमापकापर्यंत प्रत्येक साधनाची संवेदनक्षमता शेवटी याच प्रश्नापाशी येऊन थांबते, आणि ध्वनिमुद्रकही त्याला अपवाद नाही.

याच संस्थेत १९६३ साली युनेस्कोचे सल्लागार म्हणून रे डॉल्बी हे तीस वर्षांचे अमेरिकी अभियंते दाखल झाले. महाराष्ट्रात त्यांचे आडनाव मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतींना चिकटले आहे. त्या भिंतींचा त्यांच्या कामाशी कोणताही संबंध नाही, आणि ज्याने हयात नकोसा आवाज कमी करण्यात घालवली त्याचे नाव असे रूढ व्हावे, ही खेदाची गोष्ट आहे. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे १८ जानेवारी १९३३ रोजी जन्मलेले डॉल्बी शाळकरी वयातच कॅलिफोर्नियातील ‘अँपेक्स’ या टेपरेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीत काम करू लागले होते. एप्रिल १९५६ मध्ये शिकागोला जगासमोर आलेल्या पहिल्या व्यवहार्य व्हिडिओ टेपरेकॉर्डरची घडण चार्ल्स गिन्सबर्ग यांच्या ज्या तुकडीने केली, तिच्या इलेक्ट्रॉनिक बाजूचा मोठा भाग त्यांनी सांभाळला होता. स्टॅनफर्डची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि तेथे दीर्घ तरंगलांबीच्या क्ष-किरणांवर संशोधन करून १९६१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. टेपवरील दृश्य असो वा क्ष-किरण मोजणाऱ्या साधनात येणारा क्षीण स्पंद असो, दोन्हीकडे अत्यल्प संकेत यंत्राच्या गदारोळातून वेगळा काढायचा होता. त्यामुळे चंदीगडला येण्यापूर्वीच या प्रश्नाची त्यांना दोन अंगांनी ओळख झालेली होती.

चंदीगडच्या वास्तव्यात डॉल्बी यांनी भारतीय संगीताची ध्वनिमुद्रणे केली आणि टेपची सरसर कमी करण्याच्या कल्पनेने त्याच काळात आकार घेतला. भारतीय रागसंगीतातील आलाप हा या सरसरीची सर्वांत कठोर परीक्षा घेणारा प्रकार आहे, कारण त्यात स्वर अत्यंत हळू उमलतो, तंबोऱ्याच्या तारांचा झंकार विरत विरत जातो आणि दोन स्वरावलींमधील विराम हा गाण्याचाच भाग असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या भरगच्च नादात झाकला जाणारा टेपचा आवाज येथे कोठेही लपू शकत नाही. डॉल्बी यांच्या शोधाचे सारे श्रेय भारतीय संगीताला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र हा दोष जेथे सर्वांत उघडा पडतो अशा संगीताच्या सहवासात तो विचार वाढला, याची नोंद घेतलीच पाहिजे.

टेपची सरसर येते कोठून, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. टेप म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर लेपलेले चुंबकीय भुकटीचे असंख्य सूक्ष्म कण होत; हे कण एकसारखे पसरलेले नसल्याने कोऱ्या टेपवरूनही वाचनशीर्ष सरकले की क्षणोक्षणी बदलणारा एक विस्कळीत प्रवाह निर्माण होतो, आणि तोच सरसर म्हणून ऐकू येतो. एका क्षणात शीर्षाखालून जितके अधिक कण जातील तितकी ही विस्कळीतता सरासरीत विरते; म्हणून रुंद टेप व अधिक वेग म्हणजे कमी सरसर, असा सरळ हिशेब आहे, आणि ध्वनिपट्टीची रुंदी निम्मी केली की संकेत व रव यांमधील अंतर ३ डेसिबलांनी घटते. डेसिबल हे दोन पातळ्यांचे गुणोत्तर सांगणारे मान असून १० डेसिबलांची घट ढोबळमानाने कानाला निम्मा आवाज झाल्यासारखी वाटते. डॉल्बी चंदीगडला आले त्याच वर्षी, ऑगस्ट १९६३ मध्ये, फिलिप्स कंपनीने बर्लिनच्या प्रदर्शनात बॅटरीवर चालणारा छोटा ध्वनिमुद्रक आणि त्यासाठी ३.८१ मिलिमीटर रुंदीची, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकणारी कॅसेट मांडली. हा वेग स्टुडिओतील नेहमीच्या ३८ सेंटिमीटरच्या वेगाचा जेमतेम आठवा हिस्सा होता. यंत्र खांद्यावर नेता येण्याची किंमत सरसरीच्या रूपाने मोजावी लागणार, हे त्या मापांतच लिहिलेले होते. स्टेफान कुडेल्स्की यांचा स्वित्झर्लंडमध्ये बनलेला ‘नाग्रा’ हा सुवाह्य, म्हणजे सहज वाहून नेता येणारा ध्वनिमुद्रक त्यापूर्वीच उत्तम दर्जाचे काम देत होता. परंतु तो पाव इंची टेप वापरणारा, वजनदार आणि चित्रपटसंस्था किंवा नभोवाणीलाच परवडणारा होता.

यंत्ररव आणि जागेचा आवाज यांची गल्लत अनेकदा केली जाते, आणि हा भेद समजून घेण्यास चंदीगडचीच एक वास्तू उपयोगी पडते. ल कॉर्ब्युझिए यांनी रचलेल्या तेथील उच्च न्यायालयाचे उद्घाटन पंडित नेहरू यांच्या हस्ते मार्च १९५५ मध्ये झाले. उघड्या काँक्रीटच्या उंच दालनांत शब्द घुमत असल्याने आवाज शोषून घेण्यासाठी कॉर्ब्युझिए यांनी भिंतींवर लावायचे भव्य लोकरी पडदे स्वतः चितारले. मुख्य न्यायदालनासाठी १४४ चौरस मीटरचा एक आणि उरलेल्या आठ दालनांसाठी प्रत्येकी ६४ चौरस मीटरचा एक, असे नऊ पडदे काश्मीरमधील विणकरांनी विणले. सूर्य, ढग, वीज, पाऊलठसे अशा चिन्हांनी भरलेल्या या लोकरीचे खरे काम वकिलाचा युक्तिवाद न्यायाधीशांपर्यंत स्वच्छ पोहोचवणे हे होते. लोकर, पडदे, जाड भिंती यांनी जागेचा घुमारा आणि बाहेरचा गलका कमी होतो, कारण ते आवाज हवेतून येतात. टेपची सरसर हवेतून येतच नाही. ती यंत्राच्या आत जन्मते, आणि खोली कितीही शांत केली तरी तिच्यात कणभर फरक पडत नाही, किंबहुना खोली जितकी शांत तितकी ती अधिक उघडी पडते. म्हणूनच तिच्यावरचा उपायही यंत्राच्या आतच शोधावा लागला.

डॉल्बी यांच्या उपायाचे मर्म कानाच्या एका स्वभावात आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या कंपनसंख्यांचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही; ध्वनिशास्त्रात यास आच्छादन म्हणतात. त्यामुळे गायकाने वरचा षड्ज जोरकस लावला असताना टेपची सरसर तेथे असूनही नसल्यासारखी असते, आणि तिचा बंदोबस्त फक्त हलक्या जागांपुरताच करावा लागतो. आवाज दाबून मुद्रित करायचा आणि ऐकताना फुलवायचा, ही युक्ती टेलिफोनच्या क्षेत्रात तीसच्या दशकापासून ठाऊक होती. परंतु तीत सबंध आवाजच खालीवर केला जात असल्याने मोठ्या स्वरांमागे सरसर फुगताना व ओसरताना जाणवे. डॉल्बी यांनी मोठ्या पातळीचा संकेत मुळीच न छेडता सरळ पुढे जाऊ दिला, केवळ हलका अंश बाजूला काढून मुद्रणाच्या वेळी तो मुख्य संकेतात मिळवला आणि ऐकताना तेवढाच नेमका वजा केला. वजाबाकीत टेपने मधल्या टप्प्यात घातलेली सरसरही खाली गेली. स्टुडिओसाठीच्या ‘डॉल्बी ए’ या पद्धतीत ध्वनीचे चार पट्टे करून प्रत्येकावर स्वतंत्रपणे ही क्रिया होई आणि रव सुमारे १० डेसिबलांनी, अतिउच्च कंपनसंख्यांना १५ डेसिबलांपर्यंत, उतरे.

१९६५ साली डॉल्बी भारतातून लंडनला गेले, तेथे त्यांनी ‘डॉल्बी लॅबोरेटरीज’ स्थापन केली आणि ‘डेक्का’ ही ध्वनिमुद्रिका कंपनी त्यांची पहिली ग्राहक ठरली. १९६८ मध्ये घरगुती यंत्रांसाठी ‘डॉल्बी बी’ ही सोपी, केवळ वरच्या कंपनसंख्यांवर काम करणारी आवृत्ती आली, आणि मूळ श्रुतलेखनासाठी बनलेली कॅसेट तिच्यामुळेच संगीत ऐकण्याजोगी झाली.

उपाय किती लागू पडला हे सांगायचे तर आधी मोजता आले पाहिजे, आणि मोजमापाचा हा भाग दिसतो त्याहून अवघड आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्ररवाची खालची मर्यादा निसर्गानेच ठरवलेली आहे : बेल प्रयोगशाळेतील जॉन जॉन्सन यांनी प्रयोगाने आणि हॅरी नाइक्विस्ट यांनी गणिताने १९२८ साली दाखवून दिले, की कोणत्याही विद्युतरोधातील इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत हलत असल्याने त्याच्या टोकांशी एक अनियमित विद्युतदाब सदैव असतो. मायक्रोफोनच्या जागी कल्पिलेला १५० ओमचा रोध घेतला तर नेहमीच्या तापमानाला, श्रवणकक्षेतील २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, हा दाब सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट भरतो. ध्वनितंत्राच्या परिभाषेत ही उणे १३१ डीबीयू इतकी पातळी होय, ज्यात शून्याची खूण ०.७७५ व्होल्टला मानलेली असते. याहून शांत यंत्र त्या रोधासह संभवतच नाही, म्हणून सुवाह्य ध्वनिमुद्रकाची परीक्षा करताना हाच रोध वापरतात. मायक्रोफोनच्या जोडपिनेत, धातूच्या कवचाआड, १५० ओमचा रोध डाख देऊन बसवायचा. यंत्राची आवाज वाढवणारी कळ शेवटापर्यंत फिरवायची. आवाज आपोआप कमी करणारी आणि खालच्या कंपनसंख्या गाळणारी बटणे बंद ठेवायची आणि काही मिनिटे हे ‘काहीच नाही’ मुद्रित करायचे. मग ज्ञात पातळीचा १ किलोहर्ट्झचा स्वर त्याच कळीवर मुद्रित करून दोहोंची तुलना केली, की यंत्राने आत येणाऱ्या संकेतात स्वतःचा किती आवाज मिसळला हे आदानपातळीच्या मानाने सांगता येते. माहितीपत्रकांतील ‘इक्विव्हलंट इनपुट नॉइज’ तो हाच. आजच्या उत्तम सुवाह्य यंत्रांत तो उणे १२५ ते उणे १३० डीबीयूच्या दरम्यान असतो, म्हणजे निसर्गाच्या मर्यादेला जवळजवळ भिडलेला.

हा आकडा मात्र कानाचा विचार केल्याशिवाय अपुरा राहतो, कारण सारख्याच शक्तीचे दोन रव कानाला सारखे त्रासदायक वाटत नाहीत. हार्वे फ्लेचर व वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली कानाच्या संवेदनक्षमतेचे वक्र प्रसिद्ध केले, आणि त्यांच्या आधारे १९३६ च्या अमेरिकी मानकात ‘ए’ नावाचे भारांकन आले. भारांकन म्हणजे मोजण्याआधी प्रत्येक कंपनसंख्येला तिच्या श्राव्यतेनुसार वजन देणे. ‘ए’ वक्र १०० हर्ट्झला १९ डेसिबल व ५० हर्ट्झला ३० डेसिबल वजा करतो, मात्र ६ किलोहर्ट्झच्या आसपास काहीच मिळवत नाही. बीबीसीच्या संशोधन विभागाने १९६८ साली निरनिराळे रव प्रत्यक्ष श्रोत्यांना ऐकवून पाहिले तेव्हा सरसरीच्या बाबतीत कान नेमका याच प्रदेशात सर्वाधिक चिडतो असे आढळले, आणि त्यातून आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या, म्हणजे ‘४६८’ च्या वक्राने ६.३ किलोहर्ट्झला १२.२ डेसिबलांची भर घातली. परिणामी एकाच यंत्राची एकच सरसर या दोन पद्धतींनी मोजली की उत्तरांत १० डेसिबलांहून अधिक तफावत पडू लागली, आणि प्रामाणिक पद्धतीने मोजल्यास आपले यंत्र कागदावर वाईट दिसते म्हणून उत्पादक ‘ए’ भारांकनालाच धरून राहिले. यावर तोड काढणारा निबंध १९७९ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या तीन लेखकांत डेव्हिड रॉबिन्सन व केनेथ गंड्री यांच्यासह रे डॉल्बी होते. ४६८ चाच वक्र घ्यावा, त्याची शून्यखूण १ ऐवजी २ किलोहर्ट्झला मानावी म्हणजे आकडे सुमारे साडेपाच डेसिबलांनी उतरतील, आणि महागड्या मापकाऐवजी सरासरी दाखवणारा साधा मापक वापरावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. चंदीगडला उपकरणांचा सल्लागार म्हणून आलेला अभियंता येथे पुन्हा उपकरणशास्त्राकडे वळलेला दिसतो, आणि त्याच्या साऱ्या कीर्तिमान शोधांत हा लहानसा निबंध अभ्यासकांनी अधिक आदराने वाचावा असा आहे.

सुवाह्य यंत्रांचा पुढचा प्रवास महाराष्ट्राला जवळून स्पर्श करतो. नझीर अली जयराजभॉय यांनी १९८२ साली पुण्यात संगीताच्या संशोधनासाठी ध्वनिसंग्रहालय सुरू केले, जे पुढे दिल्लीला व नंतर गुरुग्रामला गेले. त्या सुमारास देशोदेशींच्या क्षेत्रसंशोधकांच्या खांद्यावर सोनीचे ‘टीसी-डी५’ व ‘वॉकमन प्रोफेशनल’ ही डॉल्बी असलेली कॅसेटयंत्रे होती. कॅसेटची एक प्रत काढली की मूळ सरसरीत तेवढ्याच सरसरीची भर पडून ती ३ डेसिबलांनी वाढे, आणि प्रतीची प्रत काढत गेले की आलाप सरसरीत बुडत जाई. ज्या ध्वनिफितींच्या मूळ प्रती हरवल्या त्यांच्याबाबत ही हानी आता भरून येणारी नाही. १९८७ मध्ये आलेल्या ‘डॅट’ या डिजिटल टेपने प्रतींची ही घसरण थांबवली आणि १६ बिटांच्या अंकनामुळे सुमारे ९६ डेसिबलांचा पल्ला खुला केला.

हेमा राईरकर व गी पॉयत्वँ यांनी ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे जे प्रचंड काम केले, त्यात नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे ध्वनिशास्त्र जाणणारे संशोधक सामील झाले आणि डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रण सुरू झाले. एक लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर क्रमाक्रमाने येत आहे. या ध्वनिमुद्रणांपाशी मोजमापाचा प्रश्न वेगळे वळण घेतो. जाते फिरत असताना दगडावर दगड घासल्याची घरघर ओवीखाली अखंड चालते, तिची लय ओवीच्या लयीला धरून असते, आणि तिच्या शक्तीचा बराच भाग खालच्या कंपनसंख्यांत असतो. पातळी दाखवणाऱ्या काट्याच्या दृष्टीने ती पार्श्वभूमीवरचा रवच आहे. संशोधकाने खालच्या कंपनसंख्या गाळणारे बटण दाबले तर मुद्रण स्वच्छ होते आणि जाते नाहीसे होते. ‘ए’ भारांकनाने मोजले तर आकडा सांगतो की तेथे फारसे काही नव्हतेच. म्हणून अशा ध्वनिमुद्रणाची नोंद करताना यंत्ररव १५० ओमच्या रोधावर वेगळा मोजावा, जागेचा आवाज कोणी गात नसताना वेगळा मुद्रित करून ठेवावा, जाते नुसतेच फिरत असतानाचा आवाज तिसऱ्यांदा घ्यावा, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या भारांकनाने काढला हे लिहावे. भारांकन न लिहिलेला डेसिबलचा आकडा पन्नास वर्षांनी येणाऱ्या अभ्यासकाच्या काहीही उपयोगाचा नसतो.